विद्वत्तेची कसोटी : पंडिता रमाबाईंचे बायबल



सातशे वर्षांपूर्वी महानुभाव पंथात घडलेला एक लहानसा प्रसंग ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात नमूद आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या पश्चात पंथाचे धुरीणत्व नागदेवाचार्यांकडे आले होते. त्यांच्या शिष्यवर्गात केशवराज सूरी, ज्यांना पंथात केसोबास म्हणत, हे संस्कृताचे गाढे पंडित होते. स्वामींचे चरित्र आणि वचने यांवर त्यांनी संस्कृत रचना आरंभिली आणि तिच्यात त्यांना मोठी गोडी वाटू लागली. तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबविले. संस्कृतात लिहू नये, त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या या ज्ञानास मुकतील, असे त्यांचे सांगणे होते. केसोबासांच्या विद्वत्तेविषयी आचार्यांना संशय नव्हता, किंवा संस्कृत भाषेचा त्यांना तिटकाराही नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या त्या पंथातील निरक्षर, वृद्ध स्त्रिया. त्यांना जे कळणार नाही ते धर्माच्या दृष्टीने अपुरे, एवढाच त्या सांगण्याचा अर्थ होता.

हा प्रसंग बुलढाणा जिल्ह्यातील श्रोत्यांना परका वाटू नये. चक्रधरस्वामींच्या भ्रमणात लोणार आणि मेहकर या दोन्ही गावांचा उल्लेख येतो, आणि त्यांच्या लीळा ज्या ग्रंथात म्हाइंभटांनी संकलित केल्या तो ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ १२७८ च्या सुमारास, वऱ्हाडातच, रिद्धपूर येथे सिद्ध झाला. म्हाइंभट हेही शास्त्रार्थात निष्णात असलेले पंडित होते. त्यांनी आपले पांडित्य बाजूस ठेवून गावोगाव हिंडून, ज्यांनी स्वामींना पाहिले होते अशा साध्यासुध्या माणसांकडून एकेक आठवण गोळा केली. मराठी गद्याचा पाया असा पंडितांनी घातला, परंतु तो घातला तो अपंडितांसाठी.

आजच्या भाषणाचा विषय ख्रिस्ती धर्म आणि विद्वत्ता यांचा आहे. तरीही त्याचा आरंभ महानुभावांच्या कथेने करणे अप्रस्तुत नाही. कारण जो प्रश्न नागदेवाचार्यांनी केसोबासांना घातला, तोच प्रश्न ख्रिस्ती मंडळीपुढे प्रत्येक शतकात उभा राहिला आहे. श्रद्धेला विद्येची गरज आहे काय? असल्यास ती विद्या कोणासाठी? मराठी मुलखात या प्रश्नाला सर्वांत परिपूर्ण उत्तर पंडिता रमाबाई यांनी दिले, आणि ते एखादा सिद्धांत मांडून नव्हे, तर आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे एका अनुवादाला वाहून दिले.

बायबलच्या नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक आहे. परंतु ती प्लेटोची किंवा अथेन्सच्या नाटककारांची घटवलेली ग्रीक नव्हे. शेकडो वर्षे युरोपातील पंडितांना हे कोडे पडले होते. कोणी ती अशुद्ध ग्रीक आहे असे म्हणत, तर कोणी ती पवित्र आत्म्याने खास घडविलेली निराळीच भाषा आहे अशी समजूत करून घेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिसर देशातील वाळूतून जुन्या पपायरसाच्या कागदांचे ढीग निघू लागले. त्यांत धर्मग्रंथ थोडे. बहुतेक कागद म्हणजे बाजारातील पावत्या, भाडेपट्टे, सारावसुलीच्या नोंदी आणि घरी धाडलेली खुशालीची पत्रे. आडोल्फ डाइसमान या जर्मन पंडिताने हे कागद नव्या कराराशी ताडून पाहिले आणि १८९५ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या आपल्या ग्रंथांतून दाखवून दिले की शुभवर्तमानांची भाषा ही त्या काळच्या हमालाची, शिपायाची आणि दुकानदाराची बोली होती. अर्थात ज्या साधेपणाबद्दल विद्वानांना संकोच वाटत होता तो साधेपणा हाच त्या ग्रंथाचा स्वभाव होता. हे सत्य सिद्ध करावयास मात्र विद्वत्ताच लागली. नुसत्या भाविकतेला ते कधीही सापडले नसते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मराठीत ख्रिस्ती वाङ्मयाचा उगम गोव्यात झाला. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी आणि कोंकणी आत्मसात केली आणि ओवी छंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत; कारण देवनागरी खिळे तेथे उपलब्ध नव्हते. आपल्या भाविकांना पूर्वीच्या पुराणांची गोडी आहे, तर त्यांना पुराणाच्याच रूपाने ख्रिस्तचरित्र द्यावे, हा त्या विदेशी पंडिताचा विचार होता. पुढे एकोणिसाव्या शतकात बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी वैजनाथ नावाच्या पंडितांच्या साह्याने १८११ साली मराठी नवा करार काढला, आणि नंतर मुंबईच्या अमेरिकन मिशनरींनी व बायबल सोसायटीने ते काम पुढे नेले. शतकाच्या मध्यापर्यंत संपूर्ण बायबल मराठीत वाचावयास मिळू लागले.

वऱ्हाडात हे बायबल पोहोचले ते मुख्यतः अमेरिकेतील अलायन्स मिशनच्या द्वारे. अकोला हे त्याचे मुख्य ठाणे. बुलढाणा जिल्ह्यात खामगाव, मलकापूर, चिखली आणि खुद्द बुलढाणा येथे त्याची केंद्रे झाली. अकोल्याच्या श्रीमती जेनी फुलर यांनी हिंदी स्त्रियांच्या दुःखांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले, ते १९०० साली प्रसिद्ध झाले, आणि त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची आहे. म्हणजे वऱ्हाडचे ख्रिस्ती कार्य आणि रमाबाई यांचा संबंध त्या काळापासूनचा आहे. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात वऱ्हाड होरपळून निघाला, तेव्हा मिशनच्या आश्रयास आलेल्या मुलांबाळांना आणि निराधार स्त्रियांना प्रथमच कोणी ग्रंथ वाचून दाखवीत होते. त्या ग्रंथाची भाषा मात्र पुण्यामुंबईच्या शास्त्रीपंडितांच्या साह्याने घडलेली, संस्कृतप्रचुर आणि पुस्तकी होती. वऱ्हाडी बोलीत वाढलेल्या बाईच्या कानांना तिच्यातील कितीएक शब्द मंत्रासारखे पवित्र, परंतु मंत्रासारखेच अगम्य वाटले असतील, यात नवल नाही.

रमाबाईंना ही अडचण जितकी कळली तितकी क्वचितच कोणाला कळली असेल. आणि त्यांना ती कळावी हेच आश्चर्य आहे, कारण त्या स्वतः पांडित्याच्या मुशीत वाढल्या होत्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि त्यापायी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे बिऱ्हाड केले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आईच्या तोंडून ऐकून त्यांनी सहस्रावधी श्लोक मुखोद्गत केले. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडू लागले. दक्षिणेतील दुष्काळात आईवडील आणि वडील बहीण या तिघांचाही थोड्याच महिन्यांत अंत झाला. अंगी एवढी विद्या, परंतु पोटाला अन्न नाही. आणि विद्येच्या अभिमानामुळे मोलमजुरी करावयास मन घेईना. या अनुभवाची नोंद रमाबाईंनी पुढे स्वतःच करून ठेवली आहे. उरलेल्या भावासह त्या पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्या वेळी त्यांचे वय वीस वर्षांचे होते.

पुढील वृत्तांत बहुतेकांना ठाऊक आहे. भावाचा मृत्यू, १८८० साली बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह, दोन वर्षांच्या आत वैधव्य, पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी, १८८२ साली पुण्यास आर्य महिला समाजाची स्थापना, आणि वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने १८८३ साली इंग्लंडास प्रयाण. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयास फादर नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाचे साह्य झाले. गोऱ्हे हे काशीत वाढलेले दर्शनशास्त्रांचे पंडित. त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ १८६० साली प्रसिद्ध झाला होता. अर्थात रमाबाई ख्रिस्ती झाल्या त्या एका पंडिताशी वाद करून, त्याचे युक्तिवाद पारखून झाल्या. केवळ संकटात सापडलेल्या एका अनाथ विधवेचे ते शरण जाणे होते असे ज्यांना वाटते, त्यांनी हा भाग दृष्टीआड करू नये.

बाप्तिस्म्यानंतर तरी त्यांनी प्रश्न विचारणे थांबविले काय? मुळीच नाही. वाँटेजच्या भगिनींशी आणि तेथील धर्मगुरूंशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो आज छापील उपलब्ध आहे. त्रैक्याचा सिद्धांत, येशूचे ईश्वरत्व, मंडळीचा अधिकार, या प्रत्येक बाबतीत त्यांनी शंका काढल्या. आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कोणाच्याही हाती गहाण टाकलेली नाही, हे त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या व्यक्तींनाही स्पष्ट कळविले. त्यांनी शाकाहार सोडला नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या शिकत आणि संस्कृत शिकवीत असता, एका स्त्रीने पुरुष विद्यार्थ्यांस शिकविणे योग्य नव्हे असा हिंदुस्थानातील बिशपांनी आक्षेप घेतला, तो ऐकून त्या स्तिमित झाल्या आणि संतापल्या.

याच पत्रव्यवहारात क्रुसाविषयीचा एक मार्मिक वाद आहे. त्यांनी धारण करावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी हरकत घेतली. जी भाषा आपल्या देशभगिनींना कळत नाही तिच्यात असे कोणते पावित्र्य आहे, की जे संस्कृतात नाही, असा त्यांचा सवाल होता. योहानाच्या शुभवर्तमानात असे सांगितले आहे की येशूच्या क्रुसावर लावलेला लेख तीन भाषांत होता : इब्री, लॅटिन आणि ग्रीक. येणाऱ्याजाणाऱ्या पुष्कळ लोकांना तो वाचता आला. म्हणजे खुद्द क्रुसावरील लेखही जाणाऱ्या वाटसरूला कळावा अशा रीतीने लिहिला गेला होता. रमाबाईंची हरकत ही अवज्ञा नसून त्या प्रथम लेखाच्या हेतूशी राखलेले इमान होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

मात्र त्या वेळी त्यांनी लॅटिनाच्या जागी मागितले ते संस्कृत. मराठी नव्हे. हे लक्षात ठेवावे, कारण तेथून पुढचा त्यांचा प्रवास हा संस्कृताकडून बोलीकडे झालेला आहे.

अमेरिकेतून परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. त्यातील आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९३ साली सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून पुण्यात मोठे वादळ उठले, आणि न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. त्या वादात दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे होते. ज्या पालकांनी मुली विश्वासाने धाडल्या त्यांची धास्ती खोटी नव्हती. आणि जिच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळीही सर्वांना उघडे असे, त्या बाईने दार लावून घ्यावे अशी अपेक्षा करणे हेही सोपे नव्हते. परिणाम मात्र हा झाला की सुशिक्षित महाराष्ट्र आणि रमाबाई यांच्यामध्ये एक भिंत उभी राहिली.

तदनंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने मरणाऱ्या शेकडो मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील स्त्रियांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. शारदा सदनात येत त्या बहुतांशी ब्राह्मण घरांतील विधवा. मुक्तीत आल्या त्या सर्व जातींच्या, सर्व बोलींच्या, अक्षरशत्रू अशा स्त्रिया. त्यांत आंधळ्या होत्या, रोगी होत्या, समाजाने टाकलेल्या होत्या. कलकत्त्याच्या पंडितांसमोर उभी राहिलेली सरस्वती आता या श्रोत्यांसमोर उभी होती, आणि तिच्या हातातील मराठी बायबल त्यांना कळत नव्हते.

या ठिकाणी सामान्य माणसाने दोहोंपैकी एक मार्ग धरला असता. जे कळत नाही ते गाळून चार सोप्या गोष्टी सांगाव्यात, हा एक. आणि जे आहे तेच पाठ करून घ्यावे, हा दुसरा. रमाबाईंनी तिसराच मार्ग धरला. वयाची चाळिशी उलटून गेल्यावर त्यांनी इब्री आणि ग्रीक या दोन भाषांचे अध्ययन आरंभिले आणि मूळ ग्रंथावरून संपूर्ण बायबलचा साध्या मराठीत नवा अनुवाद करण्यास बसल्या. सोपे करावयाचे तर मुळापर्यंत गेले पाहिजे, हे या निर्णयामागील सूत्र आहे. वरवर जाणणारा मनुष्य अवघड शब्दाला अवघड शब्दच ठेवतो, कारण त्याखाली काय आहे ते त्याला दिसत नाही. ज्याला तळ दिसतो तोच चूल, पाणी आणि शेत यांच्या शब्दांत तो अर्थ सांगू शकतो.

आणखी एक गोष्ट विचारात घेतली पाहिजे. १९०५ साली मुक्तीत धार्मिक जागृतीची एक प्रचंड लाट आली. शेकडो स्त्रिया रडत, मोठ्याने प्रार्थना करीत, रात्रीच्या रात्री जागत. तिची वार्ता देशोदेशी गेली. आजही पुष्कळ ख्रिस्ती लोक असे मानतात की आत्म्याची प्रेरणा असली म्हणजे व्याकरणाची काय जरूर? उलट पक्षी पुष्कळ विद्वान असे मानतात की जेथे व्याकरण आले तेथे असल्या रडण्याओरडण्यास वाव नाही. मुक्तीच्या एकाच छपराखाली एका दालनात हे रडणे चालले होते आणि दुसऱ्या दालनात तीच बाई इब्री कोश उघडून बसली होती. तिला त्यात विसंगती दिसली नाही. दोन्ही गोष्टी एकाच देवाची सेवा म्हणून तिने केल्या.

अनुवाद झाला तो छापलाही मुक्तीतच. दुष्काळातून वाचविलेल्या ज्या मुलींना अक्षरओळख नव्हती, त्या शिकून खिळे जुळवू लागल्या, यंत्र चालवू लागल्या, कागद घडी करू लागल्या. ज्यांच्यासाठी ग्रंथ होता त्यांनीच तो हातांनी घडविला. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. एकुलत्या एका मुलीच्या मृत्यूनंतरही रमाबाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. छापून बांधलेला ग्रंथ काही त्यांच्या दृष्टीस पडला नाही.

आता या अनुवादाविषयी जे आक्षेप आहेत तेही सांगितले पाहिजेत, नाही तर हे भाषण स्तुतिपाठ होईल. पहिला आक्षेप हा की चर्चमध्ये तो रूढ झाला नाही. उपासनेत सर्वत्र वाचला जाणारा अनुवाद बायबल सोसायटीचाच राहिला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वेदान्ताचा किंवा मूर्तिपूजेचा वास ज्यांना येतो असे शब्द रमाबाईंनी कटाक्षाने टाळले. त्यामुळे मराठी भाषेत ज्ञानोबा-तुकोबांनी जो भक्तीचा शब्दसंग्रह शतकानुशतके सांठविला त्याच्या मोठ्या भागास त्यांचे बायबल मुकले, आणि त्याची मराठी ठिकठिकाणी रुक्ष झाली.

याच्या उलट टोकास रेव्हरंड नारायण वामन टिळक उभे आहेत. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरील प्रवचन वाचून ते हलले आणि १८९५ साली त्यांचा मुंबईस बाप्तिस्मा झाला. परंतु तुकोबांना त्यांनी कधीच सोडले नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांनी ख्रिस्ती मंडळीला अभंग दिले, भजने दिली, कीर्तन दिले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे ठेवून ते १९१९ साली निवर्तले, तेव्हा ते पुरे करण्याचा भार लक्ष्मीबाईंनी उचलला. आणि लक्ष्मीबाई या कोणत्याही शाळेत न शिकलेल्या बाई होत्या. आजही खामगावच्या किंवा चिखलीच्या चर्चमध्ये वृद्ध स्त्रिया पुस्तक न उघडता जी पदे म्हणतात, त्यांत टिळकांची पदे असतात.

मग खरा मार्ग कोणाचा? विचारांती असे दिसते की दोघांच्याही मनात ती नागदेवाचार्यांची म्हातारीच होती; परंतु दोघांची भीती निराळी होती. म्हातारी ओळखीचा शब्द ऐकील आणि त्याचा जुनाच अर्थ घेऊन घरी जाईल, ही रमाबाईंची भीती. अनोळखी शब्द ऐकून ती आत येणारच नाही, ही टिळकांची भीती. दोन्ही भीती साधार होत्या. ज्याला शिकवावयाचे आहे त्याने या दोन्ही भीती मनात वागविल्या पाहिजेत. एक सोडून दुसरी धरली की एक तर अर्थ बिघडतो, किंवा श्रोता दुरावतो.

हा विचार केवळ इतिहासाचा नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि त्या दर्जाच्या आधारांत लीळाचरित्रासारख्या ग्रंथांचे नाव अभिमानाने घेतले गेले. हा गौरव योग्यच आहे. परंतु लीळाचरित्र अभिजात ठरले ते अभिजात होण्याच्या खटपटीने नव्हे. म्हाताऱ्यांना कळावे या खटपटीने. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आपल्या अनुवादाला ‘सुबोध बायबल’ हे नाव दिले, त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. रमाबाई आणि सुशिक्षित महाराष्ट्र यांच्यामध्ये १८९३ साली उभी राहिलेली भिंत त्या दिवशी पुष्कळशी खाली आली, असे म्हणता येईल. दिब्रिटो २०२४ साली निवर्तले. त्यांच्या ग्रंथाच्या नावातील ‘सुबोध’ हा शब्द मात्र पुढील पिढीवर कर्ज म्हणून राहिला आहे.

ते कर्ज फेडले जात आहे काय? बुलढाणा जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. त्यातील नातू इंग्रजी शाळेत जातो. त्याच्या खिशातील फोनमध्ये बायबलचे अनेक अनुवाद आहेत, आणि दूरदूरच्या वक्त्यांची प्रवचने तो रोज ऐकतो. आजी मात्र मराठीतच प्रार्थना करते, आणि तिचे रागावणे, समजूत घालणे, अंगाई म्हणणे हे सर्व वऱ्हाडीत चालते. नातवाचे शब्द आजीला कळत नाहीत आणि आजीचे शब्द नातवाला गावंढळ वाटतात. पूर्वी लॅटिन होते, नंतर संस्कृत होते, आता इंग्रजी आहे. म्हातारी मुकते ती मुकतेच. ही स्थिती एकट्या ख्रिस्ती घरांतील नव्हे, प्रत्येक धर्माच्या आणि प्रत्येक शाळेच्या दारात ती उभी आहे.

उपाय मोठा नाही, परंतु कष्टाचा आहे. ज्या तरुणाला उपदेशक व्हावयाचे आहे त्याने मूळ भाषांपैकी निदान एकीचा परिचय करून घ्यावा. रमाबाईंनी ते चाळिशीनंतर केले, त्याला तर अजून विशीच आहे. त्याने तुकोबा वाचावा, टिळक वाचावा, आणि लीळाचरित्रही वाचावे, कारण तो त्याच्याच मुलखाचा ग्रंथ आहे. आणि रविवारी प्रवचन झाल्यावर त्याने स्तुती करणाऱ्या सुशिक्षितांकडे न जाता मागच्या सतरंजीवर बसलेल्या एखाद्या वृद्ध बाईपाशी जावे, आणि आज काय ऐकले ते तिच्या शब्दांत तिलाच सांगावयास लावावे. तिने सांगितले तर त्याचे अध्ययन सफळ झाले. तिने नुसते हात जोडून ‘फार चांगले झाले’ म्हटले, तर त्याने घरी जाऊन पुन्हा कोश उघडावा.

केडगावच्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या त्या मुलींपैकी कितीजणींना पंडिता, सरस्वती या पदव्यांचा अर्थ ठाऊक होता हे सांगता येणार नाही. परंतु आपण जुळवीत असलेली ओळ त्यांना वाचता येत होती आणि तिचा अर्थ लागत होता. कलकत्त्याच्या विद्वत्सभेने रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पदव्या दिल्या, तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. त्यानंतरची परीक्षा या मुलींनी घेतली, आणि तिच्यासाठी रमाबाईंनी मरणाच्या दारापर्यंत अभ्यास केला.